आधी घंटागाडी बघ

नगरपंचायतीत निवडून आलीस, फार आनंद झाला गं. पण वृक्षारोपण, सौरदिवे नंतर. आधी कचरा हातात घे. इथे मुंबईत देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६मध्ये तो डोंगर पेटला, तेव्हा चेंबूरला आमच्या घरात खिडक्या लावूनही धूर येत होता. तुमचं गाव लहान आहे, वेळ हातात आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने आपलं डम्पिंग ग्राउंड असं पालटलं की लोक ते बघायला जातात. सगळ्या सदस्यांना घेऊन एकदा जाऊन ये.

घंटागाडीत दोन कप्पे हवेतच. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र झालेला दिसला, की लोक पुन्हा कष्ट घेत नाहीत. पहिले पंधरा दिवस तू स्वतः गाडीबरोबर फिर.

खताच्या खड्ड्यात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा घाला. आमच्या सोसायटीत तो कमी पडला, तर पाणी सुटलं, अळ्या झाल्या. खड्ड्यातलं मूठभर खत घेऊन दाबून बघायचं: ओलसर लागावं, पाणी गळू नये. पालापाचोळा असा सतत लागतो, म्हणून गावात पानं जाळणं आधी थांबवा. आणि सफाई कामगारांचे हातमोजे, गमबूट पहिल्याच बजेटमध्ये मंजूर करून घे, त्यात काटकसर नको.