दहावी एका दमातच द्यायची, असं कुठं आहे?

ताई, मुलगा आठवीत आहे, ऑटिझमचं निदान झालंय, आणि 'बोर्डाला याला बसवणं जमणार नाही, आताच दाखला काढा' असं शाळेनं सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या लेकाच्या वेळी हेच ऐकलं होतं. शाळेचं नाव घेत नाही.

दाखला मुकाट्यानं काढू नका. जे काही म्हणणं असेल ते लेखी मागा. लेखी म्हटलं की सूर बदलतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सीबीएसईत लेखनिक मिळतो, तीन तासांच्या पेपरला तासभर जादा मिळतो.

आम्ही मात्र एनआयओएसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाच्या बोर्डाकडे, वळलो. इकडे इंदूरात सगळे त्याला नुसतं 'ओपन' म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. माझ्या जाऊबाईंनी तर 'नापासांची शाळा' म्हणून मोकळं केलं. पण प्रमाणपत्र बोर्डाच्या बरोबरीचं आहे, आणि पाच विषयांसाठी पाच वर्षं, नऊ संधी मिळतात. झेपेल तसा एकेक विषय सोडवायचा, पास झालेला पुन्हा द्यायचा नाही. गणित सक्तीचं नाही आणि भाषा एकच पुरते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, वर्गात इंग्रजी अशा आपल्या मुलांना हा केवढा आराम! (एका डॉक्टरांनी 'घरातलं मराठी बंद करा' सांगितलं होतं. आम्ही केलं नाही. दोन भाषांमुळे या मुलांचं बोलणं मागं पडतं, असं संशोधनातही दिसलेलं नाही.) लेकानं हिंदी, सामाजिक विज्ञान, गृहविज्ञान, चित्रकला आणि डेटा एंट्री घेतले.

अभ्यास त्याला अवघड नव्हताच, परीक्षेला बसायची ती खोली अवघड होती. पहिल्याच सराव परीक्षेत 'मित्राला पत्र लिहा' हा प्रश्न त्यानं कोरा सोडला. का, विचारलं तर म्हणाला, "मला मित्र नाही." खरंच होतं. मग आम्ही ठरवलं, पत्रातला मित्र म्हणजे राजू, आणि राजू देवासला राहतो. पुढच्या प्रत्येक पत्रात राजू देवासलाच होता. परीक्षेआधी केंद्रावर दोनदा नेऊन त्याला बाक, पंखा, संडास दाखवून आणलं. तरी पहिल्या पेपरला पर्यवेक्षक लेखनिकावरून अडून बसले. परवानगीपत्राच्या तीन झेरॉक्स पर्समध्ये होत्या म्हणून निभावलं.

चार वर्षांत दहावी झाली. पुढच्या शिक्षणात ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत कायद्यानं आहे, पण कागद हाती आला की काम मिळतंच असं धरू नका. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२१ साली दिलेल्या आकड्यांत ऑटिझम असलेल्या दिव्यांगांपैकी जेमतेम २२ टक्केच कामावर होते, आणि तिथं आपल्यापेक्षा सोयी जास्त. म्हणून बारावीचे विषय काढता काढता लेक दुपारी चुलतभावाच्या दुकानात टायपिंग करतो. गिऱ्हाइकाशी बोलत नाही, पण त्याच्या कागदात चूक सापडत नाही.

आज एकच करा: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात घेऊन त्यावरची मुदत बघा. आमची संपलेली होती, आणि फॉर्म भरायच्या आठवड्यात ते लक्षात आलं.