खोकडाच्या मागे, पण प्रयोगशाळेतून

"मी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला रानातल्या कोल्ह्यांवर, म्हणजे फॉक्सवर, संशोधन करायचं आहे. मॅडम म्हणतात, त्यांचे जनुकीय मार्कर तयार करायला शिक, त्याला पुढे वाव आहे. पण चार भिंतींत बसून रानातल्या प्राण्याचा कसला अभ्यास? शिवाय बाबा विचारतात, ह्यावर पोट भरणार का?" तुझ्या पत्राचा मथितार्थ एवढाच ना?

आधी एक शब्द दुरुस्त करू. मराठीत कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. हे मास्तरकी म्हणून सांगत नाही. पायवाटेवर पडलेली विष्ठा कोल्ह्याची, खोकडाची की कुत्र्याची, हे नुसत्या नजरेने ठरवताना मुरलेली माणसंही फसतात. मार्कर म्हणजे डीएनएतली ओळखखूण, आणि तिचं काम तिथूनच सुरू होतं.

आता तुझा आक्षेप. खोकड रात्री फिरतं, माणसाची चाहूल लागली की दिसेनासं होतं. एका टापूत चाळीस खोकडं आहेत की तीच दहा पुन्हा पुन्हा दिसताहेत, हे बघत बसून कळत नाही. विष्ठेवर मात्र आतड्याच्या पेशी चिकटून येतात आणि त्यांत डीएनए असतो. ह्या डीएनएत काही जागी दोन-चार अक्षरं तोतरं बोलल्यासारखी येतात: सीए-सीए-सीए. कुणात ही जोडी चौदा वेळा, कुणात सतरा वेळा, आणि तेवढी त्या तुकड्याची लांबी कमी-जास्त. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. ह्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. अशा दहा-पंधरा चांगल्या जागा हाती आल्या की एकेक प्राणी ओळखता येतो, कोण कुणाचं पिल्लू ते कळतं, महामार्गाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खोकडांची सरमिसळ होते का तेही.

ह्या चांगल्या जागा शोधणं म्हणजेच मार्कर तयार करणं, आणि खरी मेख तिथे आहे. कुत्र्याचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, लाल खोकडाचा २०१८ मध्ये. त्यामुळे संशोधकांनी बराच काळ कुत्र्याचेच मार्कर उसने घेतले. नातं जवळचं, म्हणून पुष्कळसे चाललेही. पण कुत्र्याची गुणसूत्रं ७८, लाल खोकडाची ३४ आणि शिवाय थोडी चिल्लर, म्हणजे बारीक जादा गुणसूत्रं. कुत्र्यात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असलेल्या दोन जागा खोकडात शेजारी निघू शकतात. शेजारच्या जागा बहुधा एकत्रच पिल्लाकडे जातात, मग त्या दोन वेगळ्या साक्षी उरत नाहीत. कधी मार्कर चालतो, पण सगळ्यांत एकच लांबी दाखवतो. मार्कर भिकार, की प्राणीच एकसारखे? बहुतेक वेळा मार्कर. पण कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावरच्या खोकडांत वैविध्य जवळपास नाहीच. २०१६ मध्ये पूर्ण जनुकसंच वाचला तरी तेच दिसलं. 'बहुतेक वेळा'वर विसंबलेला माणूस तिथे तोंडघशी पडला असता.

रोजचं काम कसं असतं ते ऐक. संगणकावर तुकड्यांच्या लांबीचा आलेख येतो: १५२ अक्षरांवर एक टोक, १५६वर दुसरं, म्हणजे आईबापांकडून आलेल्या दोन प्रती. तोच नमुना पुन्हा चालवला, तर नुसतं १५२. तिसऱ्यांदा परत दोन्ही. जुन्या विष्ठेतला डीएनए तुटका असतो, एखादी प्रत गळून जाते. दुसऱ्या निकालावर थांबलीस तर एकाच खोकडाची दोन खोकडं करून ठेवशील. म्हणून एकेक नमुना अनेकदा चालवायचा. आणि हो, ह्या विष्ठेत माणसाच्या यकृतात घर करणाऱ्या पट्टकृमीची अंडी असू शकतात. त्यामुळे पिशवी उघडण्याआधी ती काही दिवस उणे ८० अंशांत ठेवतात. उणे २०चा साधा फ्रीझर त्याला पुरत नाही. वन्यजीव संशोधनाचे फोटो असे नसतात, ठाऊक आहे मला.

बाबांना खरं सांग: निव्वळ खोकडांवरच्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण हातातलं कसब खोकडापुरतं राहत नाही. गुन्हे-तपासात माणसाची ओळख पटवतात तीसुद्धा अशाच तोतऱ्या जागांवरून. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेससाठी २०१७पासून अशा २० जागा ठरवलेल्या आहेत. जनावरांची वंशावळ, पिकांचे वाण, शिकाऱ्याकडून जप्त केलेलं मांस, सगळीकडे हेच तर्कशास्त्र. रस्ता लांब आहे: एमएस्सी, एखाद्या प्रकल्पात उमेदवारी, मग पीएचडी. माझ्याकडे आलेली मुलं डीएनए काढायला लवकर शिकतात आणि संख्याशास्त्रापाशी अडतात. तेव्हा 'आर' ही फुकट मिळणारी संगणकभाषा आजच सुरू कर. मायक्रोसॅटेलाइटला चिकटूनही बसू नकोस. एकाच अक्षराच्या फरकावर चालणारे एसएनपी मार्कर त्यांची जागा घेत आहेत. त्यांना डीएनएचा लहानसा तुकडा पुरतो आणि एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी जुळवणंही सोपं जातं.

पुढची डिग्री ठरवण्याआधी दोन रविवार दे. जेनबँक ह्या इंटरनेटवरच्या डीएनए-संग्रहात लाल खोकडाचे डीएनए-क्रम सर्वांना खुले आहेत. एखाद्या क्रमात तोतरी जागा शोध आणि 'प्रायमर३' ह्या मोफत सॉफ्टवेअरने तिच्या दोन्ही बाजूंचे प्रायमर, म्हणजे तेवढ्याच भागाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, आखून बघ. मग मॅडमना विचार, कोणत्याही प्राण्याचे जुने आलेख पडून असतील तर मोजायला मिळतील का. पन्नास आलेख त्यांनी मोजलेले आकडे न बघता मोज, नंतर ताडून बघ. किती जुळले आणि एकावन्नावा उघडावासा वाटला का, ते मला कळव. पीएचडीचं त्यानंतर बोलू.