पावसाळाभर झाकून ठेवलेली शिडाची बोट बेलापूरला खाडीत उतरवून तिच्यावर राहायचंय. आधी काय तपासू?

तळापासून सुरुवात करा. प्रत्येक सी-कॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर जाणाऱ्या छिद्राची झडप) पूर्ण उघडतो-मिटतो का बघा. अडकला असेल तर हिसका देऊ नका, दांडी तुटते. नळ्यांवर स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा हव्यात.

मग इंजिन. आपल्याकडच्या दमट हवेने अर्धी टाकी रिकामी असली की डिझेलमध्ये पाणी जमतंच. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या, म्हणजे वॉटर सेपरेटरच्या, तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढा. पाणी खाली बसलेलं दिसतं. काळपट चिकट गाळ आला तर टाकी साफ केल्याशिवाय फिल्टर बदलून उपयोग नाही. इंपेलरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) पात्या एकाच बाजूला वाकून राहिल्या असतील तर नवा टाका, ग्लिसरीन लावून.

पिण्याच्या टाकीला १०० लिटरमागे ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं साधं ब्लीच १०० मिली. प्रत्येक नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी खेचा, ४ तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा.

लेड-ॲसिड बॅटरी चार्जर काढून रात्रभर ठेवल्यावर १२.६-१२.७ व्होल्ट दाखवायला हवी. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचतो आणि ठिणगीची वाट बघतो.

उतरवताना उधाणाची भरती धरा. पाणी लागताच बोट उचलणारे पट्टे सोडू नका, आधी सी-कॉक आणि शाफ्टचं ग्लँड (पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी) गळत नाही ना बघा. खाडीच्या चिखलाने इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा गाळणा लवकर तुंबतो, पहिल्या दिवशी तो दोनदा उघडा.