पाहणी अहवाल आणि टेलचा शेतकरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

राजकारण आणि धोरण यांत पत्रकाराचे नेमके काम काय, असे तू विचारले आहेस. मंत्रालयात ओळखी वाढवण्याची तुझी धडपड मला दिसते आहे आणि ती वाया जाणार नाही. तरीही माझ्या मते सरकारने स्वतः छापलेला कागद ज्याच्याविषयी छापला त्याच्यापर्यंत नेणे, आणि त्याचा अनुभव त्या कागदाशेजारी मांडणे, हे काम आधीचे.

महाराष्ट्रातील सिंचनाचा वाद आठव. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातून असे निघाले की, दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले आहे. हा आकडा कोणा गुप्त सूत्राने फोडलेला नव्हता. विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालातच तो होता. सुमारे ७० हजार कोटींच्या खर्चाशेजारी तो ठेवला गेला आणि मग राजकारण पेटले. सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री, आणि त्याआधी जलसंपदा खाते सांभाळलेले, अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर सिंचनावर सरकारची श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरमध्ये ते मंत्रिमंडळात परतलेही.

राजीनाम्याचे मथळे मोठे झाले, ते साहजिकच होते. (राजीनामा म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मात्र बातमी लिहिताना कधी विसरू नकोस.) परंतु धोरणाचा खरा प्रश्न त्या मथळ्यांखाली दबला. निर्माण झालेली सिंचनक्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र वेगळे. धरणाची भिंत उभी राहिली, मुख्य कालवा काही अंतरापर्यंत खोदला गेला की कागदावर क्षमता दिसू लागते. पण मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या वितरिका अपुऱ्या, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्या गाळाने भरलेल्या आणि वरच्या भागातला ऊस आवर्तनाचे, म्हणजे त्या पाळीत सोडलेले, पाणी आधीच पिऊन बसलेला असेल, तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या बांधापर्यंत काहीच पोहोचत नाही. सरकार एका आकड्याने बोलत होते, विरोधक दुसऱ्या. आणि दोन्ही आकडे कसे मोजले जातात हे वाचकाला सांगण्याचे काम फार थोड्यांनी केले. प्रकल्पाची सुधारित प्रशासकीय मान्यता, जिला त्या खात्यात सगळे ‘सुप्रमा’ म्हणतात, किती वेळा आणि कोणत्या कारणासाठी घेतली गेली, दरवाढीमुळे की कामाची व्याप्ती बदलल्यामुळे, हे तपासणे कंटाळवाणे असते. खर्च नेमका का फुगला, याचा माग मात्र तिथेच लागतो. पुढच्या अनेक पाहणी अहवालांत सिंचनाच्या टक्केवारीच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असे छापले गेले. माझ्या दृष्टीने ती राजीनाम्याहून मोठी बातमी होती, आणि ती आतल्या पानांवरच राहिली.

सरकारचाच कागद लोकांपर्यंत नेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’ने आणि पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने सरकारचीच दुष्काळसंहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम, मराठीतून शेतकऱ्यांना समजावून सांगितली; पीक बुडाले असता शेतसारा तहकूब करून मागण्याचा मार्ग त्या कागदातच होता. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. तिने बंडाची भाषा केली नव्हती. नियम दाखवून त्याचा अंमल मागितला होता, आणि सत्तेला बहुधा याचीच अधिक अडचण होते.

म्हणून तुला माझा सल्ला अगदी साधा आहे. मंत्र्याच्या विधानावर प्रतिक्रिया गोळा करण्यापूर्वी त्यामागचा शासन निर्णय तारखेसह वाच. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर, सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल आणि अर्थसंकल्पातील तरतूद शेजारी शेजारी ठेव. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत बहुतेकदा तिथेच उघडी पडते. जे कागद मिळत नाहीत त्यांसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज कर, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करण्याचा आळस करू नकोस. संबंधित अधिकाऱ्याची बाजू बातमीच्या शेवटच्या ओळीत कोंबण्याऐवजी त्याला पुरेसा वेळ देऊन घे; चांगला अभियंता तुला कालव्याविषयी जे सांगेल ते कोणताही प्रवक्ता सांगणार नाही.

आर्थिक पाहणी अहवाल सहसा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी सभागृहात येतो आणि अर्थसंकल्पातल्या घोषणांखाली गडप होतो. या वेळी त्यातला सिंचनाचा भाग काढून घे, गेल्या वर्षीच्या भागाशी ओळीने ताडून पाहा, आणि तो घेऊन तुझ्या जिल्ह्यातल्या एखाद्या कालव्याच्या टेलच्या गावी जा. काय सापडले ते मला कळव.

तुझा शुभचिंतक