फुरशाचं विष आणि काचेची नळी

प्रश्न : देवगडजवळ आमची कलमांची बाग आहे. मे महिन्यात सड्यावर गडगा रचताना आमच्या गड्याला फुरसं चावलं. इस्पितळात डॉक्टर पुन्हा पुन्हा त्याचं रक्त काचेच्या नळीत घेऊन नुसतं ठेवत होते. ते कशासाठी? आणि संगणकाने सापाच्या विषावर औषध शोधल्याचं वाचलं, ते आपल्याकडे कधी मिळेल?
— एक बागायतदार

उत्तर : आधी नळीचं सांगतो, कारण तुमच्या गड्याचे उपचार तिच्यावरच ठरत होते. फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. पण सुरुवातीचे काही तास माणूस चालता-बोलता असतो आणि घरचे गाफील राहतात. म्हणून 2 मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं धक्का लागू द्यायचा नाही, मग नळी एकदाच आडवी करायची. थिजलेलं रक्त जागचं हलत नाही. विष भिनलं असेल तर पाण्यासारखं ओघळतं. नळी प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाचा अंश राहिला तर धडधाकट माणसाचं रक्तही थिजत नाही. तळकोकणातल्या आरोग्य केंद्रात असताना या नळ्या मी वेगळ्या डब्यात ठेवायचो, कुणाला धुवायला द्यायचो नाही. सापाची लस दिल्यावर 6 तासांनी पुन्हा नळी लावायची. तरीही रक्त ओघळलं तर पुन्हा लस.

आता संगणकाचं. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी एक, डेव्हिड बेकर, यांच्या गटाने डेन्मार्कमधल्या संशोधकांसोबत केलेलं हे काम जानेवारी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. विषाच्या रेणूला घट्ट चिकटून त्याला निकामी करील असं, निसर्गात नसलेलं प्रथिन त्यांनी संगणकावर आखलं आणि जिवाणूंकडून बनवून घेतलं. विष दिलेले 80 ते 100 टक्के उंदीर वाचले. आजची लस घोड्याच्या रक्तातून काढतात. ती काहींच्या अंगावर जोरात उलटते, म्हणून देताना ॲड्रेनॅलिन भरून जवळ ठेवावं लागतं. नवं प्रथिन लहान आहे आणि उष्णतेत टिकतं. त्यामुळे मला या कामाचं फार अप्रूप आहे.

पण ते नागाच्या कुळातल्या विषावर आहे. फुरशाच्या विषात मुख्य काम करतात ती मोठी विकरं, त्यांना हे प्रथिन लागू पडणार नाही. शिवाय माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत. आमच्या सड्यावरच्या फुरशाकडेही कुणीतरी असंच वळावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. तोवर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी घोड्याचीच लस आपल्या हाताशी आहे.

पुन्हा कुणाला चावलं तर आवळून बांधू नका, जखमेवर ब्लेड मारू नका, चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका. आणि गाडी काढतानाच इस्पितळात फोन करून लस आहे का ते विचारा.