लॉनचं बी पेरण्याआधी माती बसू द्या

प्रश्न : ताई, तळेगावला आम्ही नवीन घर बांधलं. समोर ३० बाय ४० फुटांच्या जागेत लॉन करायचं आहे, पण जमीन फार वरखाली आहे. बांधकामाच्या पाण्याचा हौद होता तिथे खळगा, गवंड्यांनी माल कालवला तिथे सिमेंटची पपडी, पायाचा मुरूम भलतीकडेच, आणि पावसाचं पाणी जोत्याकडे येतं. कंत्राटदार म्हणतो, ट्रॉलीभर लाल माती टाकून, रोलर फिरवून दोन दिवसांत बी पेरून देतो. मुलाने ऑनलाइन दोन किलो बियाणं आणि हाताने फिरवायचं पेरणीयंत्र मागवलं आहे. अवजारं कोणती घ्यावीत? कोपऱ्यातल्या आंब्याखाली गवत येईल का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : आधी कंत्राटदाराला थांबवा. नवी टाकलेली माती पाणी पिऊन खाली बसते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. भराव जिथे खोल तिथे जास्त बसते. रोलरने वरचे दोन-तीन इंच दबतात, खालची पोकळी तशीच राहते. मग हिरवळ छान उगवलेली आणि हौदाच्या जागी डबकं, असं चित्र दिसतं. शिवाय ट्रॉलीभर मातीचा हिशेबही जुळत नाही. १२०० चौरस फुटांवर तीन इंच थर म्हणजे ३०० घनफूट, म्हणजे तीन ब्रास; ते एका ट्रॉलीत मावत नाही. आणि ती माती कुठून आणणार हे विचारा. मूठभर हातात घेऊन चाळा. काळसर छोट्या गाठी दिसल्या तर तो लव्हाळा, गाठींतून पुन्हा पुन्हा उगवणारं तण. ती ट्रॉली फाटकातूनच परत पाठवा.

सिमेंटची पपडी पूर्ण उचलायची, वर माती टाकून झाकायची नाही. टिकावाने खणा आणि खालचा पांढरट थरही काढा. मुरूम वेगळा करून वाटेसाठी वापरा. हौदाचा खळगा एका दमात भरू नका: चार-चार इंचांचा थर, त्यावर पाणी, ते जिरलं की धुम्मसने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोका, मग पुढचा थर. बाकीची जमीन नऊ इंच खणून चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. हे सगळं वाफसा असताना करायचं. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, इतकी ओल हवी. चिखलात फावडं घातलंत तर वाळल्यावर ढेकळं फोडत बसाल.

आता उतार. यासाठी डोळ्यावर विश्वास ठेवू नका, गवंड्याचा लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, मागून आणा; तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. एक माणूस जोत्यापाशी, दुसरा कुंपणापाशी. पाइपात बुडबुडा नको आणि पातळी बघताना टोकावर अंगठाही नको. दहा फुटांना दीड इंच उतार पुरे, म्हणजे ४० फुटांना सहा इंच, आणि तो घरापासून लांब. खुंट्या ठोका, सुतळी ताणा. मग लोखंडी दाताळं फिरवा आणि शेवटी घरातली लाकडी शिडी आडवी टाकून, वर दगड ठेवून, दोराने ओढा. उंचवटा खरवडला जातो आणि माती आपोआप खळग्यात पडते. यापेक्षा महागडं अवजार तुमच्या जागेला लागत नाही. टिकाव, फावडं, घमेलं घरात असतीलच. दाताळं मात्र नवं आणि जड घ्या, पत्र्याचं हलकं नको.

यानंतर दोन-तीन आठवडे काहीही पेरू नका. पाऊसच तुमचं काम करेल. कुठे पाणी साचतं ते दिसेल, माती बसेल आणि तण उगवेल. ते गाठींसकट काढा, खोलगट जागा भरा, शिडी पुन्हा ओढा. एरवीही भर पावसात पेरणी नको. लॉनसाठी लावतात त्या हरळीचं बी इतकं बारीक असतं की एका सरीत ते सगळं फाटकापाशी जमा होईल. सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पाऊस ओसरल्यावर पेरा. थंडी पडायच्या आत रोप जोर धरतं.

बियाण्याचं पाकीट वाचा. हरळी किंवा बर्म्युडा असेल तर ठीक. फेस्क्यू, रायग्रास, केंटकी ब्लूग्रास असेल तर परत करा. ही थंड मुलखातली गवतं, आपल्याकडचा एप्रिल-मे त्यांना सोसत नाही. (शेतात जिच्या काश्या, म्हणजे जमिनीतले धावते कोंब, वेचताना लोकांची कंबर मोडते, ती हरळी आपण पैसे देऊन आणतो, हे आमच्या गावात सांगायची सोय नाही.) एवढ्या जागेला पाऊण ते एक किलो पुरतं. दाट पेरलेली रोपं कोंदटून कुजतात, म्हणून उरलेलं बी ठिगळांसाठी ठेवा.

पेरणीयंत्राची गरज नव्हती, आलंच आहे तर कडेपासून लांब वापरा, नाहीतर फुलांच्या वाफ्यातही हरळी उगवेल. मी हातानेच पेरते: बी चौपट कोरड्या वाळूत मिसळायचं, निम्मं उभं, निम्मं आडवं फेकायचं, वारा नसलेल्या सकाळी. दाताळ्याच्या पाठीने हलकेच फिरवायचं. बी पाव इंचाहून खोल जाता कामा नये. रोलरचं काम इथे आहे, तेही हलक्या रोलरचं. झाकण घट्ट असलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये थोडं पाणी भरून लोटलात तरी चालेल. उगवण एक ते तीन आठवड्यांत होते. तोवर झारीने दिवसातून दोन-तीनदा शिंपा, नळीची धार नको.

आंब्याखाली हरळी येणार नाही, तिला ऊन लागतं. तिथे वाटेतून उरलेला मुरूम पसरा आणि बाक टाका.