क्लबात नवीन आहात? निधीच्या आधी माणसं

रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबात येऊन पहिल्याच महिन्यात निधी संकलनाची जबाबदारी मागितलीत, हा उत्साह मनापासून आवडला. तरी थोडं थांबा. आधी दोन-तीन महिने प्रत्येक सभेला या, दर वेळी वेगळ्या सदस्याशेजारी बसा. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी सुरू झाली तीही आधी ओळखी आणि मैत्रीसाठी. सेवाकार्य मागाहून आलं. तो क्रम आजही बरोबर आहे. ज्यांच्याशी गप्पा झाल्यात, तेच तुमच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला येतात.

मग पैशांचं. नवे सदस्य सर्रास चुकतात ते इथे:

- उद्देश न ठरवता वर्गणी मागणं. "समाजकार्यासाठी" म्हटलं की लोक हात आखडता घेतात; "शाळेच्या वाचनालयासाठी" म्हटलं की विचारपूस करतात.
- खर्चाचा अंदाज न घेता मोठा कार्यक्रम ठरवणं. हॉल, छपाई, जेवण यांतच सगळं संपतं.
- पावती न देणं आणि नंतर आभारही न मानणं.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा: लोकांकडून सेवेसाठी घेतलेला पैसा सेवेलाच जातो. क्लबाचं जेवण, सहल, कार्यालयाचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून. लायन्स क्लबांत त्यासाठी दोन स्वतंत्र खाती ठेवतात. तुमच्या क्लबाची पद्धत खजिनदारांना विचारून घ्या, ते आनंदाने सांगतील.

अनुदानाचे अर्ज, प्रायोजक वगैरे सध्या राहू द्या. पुढच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर बसा. येणारा प्रत्येक देणगीदार तिथेच भेटतो.